तीन घड्यांचा टॉवेल

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी उत्तरेश्वरला समजलं की आपली बायको आठ वर्षांपूर्वी वारलेली आहे. आठ वर्षांपूर्वी आपली बायको वारली हे त्याला माहीत होतं. मडकं त्यानेच धरलं होतं. नवीन होतं ते एवढंच, की यंत्र जिच्याबद्दल बोलत होतं तिने त्याच दिवशी सकाळी त्याला दोडक्याची भाजी आणि चार पोळ्या डब्यात भरून दिल्या होत्या, आणि त्या त्याने एक वाजता खाल्ल्या होत्या. भाजीत मीठ बेताचं होतं. त्याने पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली. सुरुची: मृत. कारण: हृदयाच्या डाव्या झडपेचा आजार. खाली हिरव्या अक्षरांत यंत्राने शेरा दिला होता की या माहितीत कोणतीही विसंगती आढळली नाही. उत्तरेश्वरने पाण्याची बाटली उघडली, प्यायला नाही, बंद केली. खिडकीबाहेर खराडीतल्या काचेच्या इमारती एकमेकींत बघत उभ्या होत्या. त्यातली कुठली खरी आणि कुठली दुसरीच्या काचेतली, हे ठरवायला त्याला रोज थोडा वेळ लागायचा. आज जरा जास्त लागला.

तो करायचा त्या कामाला कंपनीत ऑन्टॉलॉजी म्हणत. गावाकडे विचारलं की तो कॉम्प्युटरचं काम आहे एवढंच सांगे, आणि लोकांचं समाधान होई. जगात कोणकोणत्या गोष्टी आहेत आणि कशाचं कशाशी काय नातं आहे, हे यंत्राला समजेल अशा ओळींमध्ये लिहून द्यायचं, असं ते काम होतं. सध्या परदेशातल्या काही दवाखान्यांसाठी कुटुंबांचा वैद्यकीय इतिहास लिहिणं चाललं होतं. नात्यांना बंधनं घालावी लागत. बंधन दोन तऱ्हांचं: सगळ्या जगाला लागू होणारं, त्याला ग्लोबल म्हणत, आणि एखाद्या गटापुरतं, त्याला लोकल. नव्या पोरांना यातलं ग्लोबल बंधन समजावताना तो आपल्या सोसायटीच्या पाटीचं उदाहरण देई. कात्रजला तळ्यापलीकडे तो राहायचा त्या इमारतीचे चेअरमन जयसिंगराव. इमारत उभी होती ती जमीन त्यांच्या वडिलांची, त्यामुळे जिन्यालाही ते बांधच समजत. त्यांनी पाटी लावली होती: ‘जिन्यात जो कुत्र्याबरोबर दिसेल तो त्या कुत्र्याचा मालक समजला जाईल.’ उत्तरेश्वरने एकदा शेजाऱ्यांचं चुकलेलं कुत्रं वर आणून सोडलं. तेव्हापासून सोसायटीच्या वहीत त्याच्या नावावर एक कुत्रं होतं आणि दरवर्षी त्याच्याकडे लसीचा दाखला मागितला जाई. आपल्याकडे कुत्रं नाही असं त्याने सांगितलं तेव्हा जयसिंगराव शांतपणे म्हणाले, “आसंल. पण नेम हाय.” यंत्राचंही तसंच. ग्लोबल बंधन मोडलं तर ते ओरडेल असं नवख्यांना वाटतं. ते ओरडत नाही. ते समजून घेतं.

समजून घेण्याचं हे काम रीझनर नावाचा भाग करतो. ओळी लिहून झाल्या की कळ दाबायची. मग लिहिलेल्यातून न लिहिलेलं काय निघतं ते तो सांगतो. तपासणीसाठी थोडी माणसं भरावी लागतात. परक्या रोग्यांची माहिती वापरायला बंदी, म्हणून सगळ्या विभागात लोक आपापल्या घरची माणसं भरत. एकेकाच्या आत्या-मामांचे मधुमेह सगळ्या मजल्याला पाठ होते. उत्तरेश्वरने आपलं घर भरलं होतं. मार्चमध्ये कधीतरी त्याने सगळ्या जगासाठी एक बंधनही लिहिलं होतं: कुठल्याही माणसाला पत्नी एकच. कायद्यालाही ते मान्य होतं. मग त्याने लिहिलं, उत्तरेश्वरची पत्नी शेफाली. आणि खाली लिहिलं, उत्तरेश्वरची पत्नी सुरुची. आता पत्नी जर एकच आणि नावं दोन, तर दोन्ही नावं एकाच बाईची असणार. रीझनरला यात काही वावगं वाटलं नाही.

शेजारच्या खुर्चीवरच्या वैष्णवीने मान लांब करून पाहिलं. ती पंचवीस वर्षांची होती आणि मान लांब करणं ही तिच्या पिढीत चौकशीची सभ्य पद्धत होती. “सर, वाइफ तुम्ही ग्लोबली एकच ठेवलीय ना, म्हणून दोघींना ते सेम मानतंय,” ती म्हणाली. “लोकल टाका. मॅरेज असा वेगळा क्लास करा, एका मॅरेजला एक वाइफ. माणसाला मग मॅरेजेस किती पण असू देत. पाच मिनिटांचं काम आहे.” तो करतो म्हणाला. ती अजून बघत होती. शेफालीच्या नावापुढे एकतीस ओळी होत्या: रक्तगट ओ पॉझिटिव्ह, लहानपणी आलेला सांध्यांचा ताप, त्यातून आकसत गेलेली झडप, कुठल्या गोळीने पित्त व्हायचं, जिन्यात कुठल्या पायरीवर दम लागायचा, शेवटच्या आठवड्यात पायांना सूज किती. सुरुचीच्या नावापुढे एकच ओळ होती. ती कोणाची पत्नी, ती.

“या सुरुची मॅडम खऱ्या आहेत की डमी?” वैष्णवीने विचारलं.

“नमुना आहे,” उत्तरेश्वर म्हणाला.

“हां, म्हणूनच रिकाम्या आहेत,” ती म्हणाली आणि कानात परत वायर घातली.

पाच मिनिटांचं काम त्याने त्या दिवशी केलं नाही. एक छोटा प्रयोग केला. खाली एक ओळ घातली: या दोघी भिन्न आहेत. कळ दाबली. पडदा लाल झाला. असं जग संभवत नाही, यंत्राने सांगितलं, आणि का संभवत नाही त्याची कारणं ओळीने दिली. त्यातल्या दोन ओळी उत्तरेश्वरच्या नावाने सुरू होत होत्या. म्हणजे दोघी वेगळ्या असतील तर मधल्यालाच जागा नव्हती. त्याने घातलेली ओळ पुसली. हिरवा शेरा परत आला आणि आपल्याला बरं वाटलं, हे त्याच्या लक्षात आलं.

बसमध्ये मुंढव्यापासून बसायला जागा मिळाली. खराडी ते कात्रज म्हणजे पावणेदोन तास. एवढ्या वेळात माणूस गावाच्या निम्म्या वाटेवर पोचेल. तो धाराशिवकडचा. आई, यमुनाबाई, अजून तिकडेच असते. दुसऱ्या लग्नाला ती आली होती ती चिमटीएवढी कागदाची पुडी घेऊन. मार्केट यार्डाजवळच्या एका कार्यालयात लग्न होतं, कारण सुरुचीचे भाऊ यार्डात हळदीची आडत करायचे आणि मंडप सोडून दहा मिनिटांत गाळ्यावर जाता यायचं. मंगळसूत्र बांधून झालं, तशी आईने पुडी सोडली. आत चांदीचा टाक होता, अंगठ्याच्या नखाएवढा, वर ठोकून उठवलेली बाई: दोन ठिपक्यांचे डोळे, एका रेघेचं तोंड, हात जोडलेले. दुसरेपणाच्या बाईने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे पहिली शांत राहते. सुरुची तेव्हा अडतीसची होती, डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासायची, दुधात पाणी किती ते वासावरून सांगते अशी तिची ख्याती होती. तिने टाक तळहातावर घेऊन उजेडात धरला आणि विचारलं, “या कोण?” “थोरली हाय तुझी,” आई म्हणाली. “दिसायला अशाच होत्या?” यावर आईने उत्तरेश्वरकडे पाहिलं. उत्तरेश्वरने पाहिलं कार्यालयाच्या पंख्याकडे. टाक आणायला तोच आईबरोबर सोनाराकडे गेला होता. सोनाराकडे साचा एकच होता. तालुक्यातल्या सगळ्या मेलेल्या पहिल्या बायका त्या एका साच्यातून निघत. दोन ठिपके, एक रेघ, जोडलेले हात. सोनाराने नावसुद्धा विचारलं नव्हतं. हे त्याने सुरुचीला कधी सांगितलं नाही. पाच वर्षं प्रत्येक नवी साडी आधी टाकाला लावून मग ती नेसत होती, आणि सणाला पहिला घास बाजूला काढत होती. आईने सांगितलं होतं, टाक गळ्याविना ठेवायचा नसतो. तिने एकदाही कुरकुर केली नाही. प्रयोगशाळेत तिला सवय होती. ठरलेली पद्धत म्हणजे ठरलेली पद्धत.

घरी पोचला तेव्हा साडेसात झाले होते. लिफ्ट सोमवारपासून बंद होती. जयसिंगरावांची पाटी होती की लिफ्ट बंद असल्याची तक्रार करणाऱ्याने आधी स्वतःची देणी पाहावीत. सुरुची त्याच्या पुढेच जिना चढत होती, हातात दोन पिशव्या, कामावरून आलेली. त्याने हाक मारली नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबली. डावा हात कठड्यावर ठेवला, मान थोडी खाली घातली आणि तोंडाने श्वास घेतला, दोनदा लहान, एकदा लांब. उत्तरेश्वर चार पायऱ्या खाली खिळून राहिला. दोन लहान, एक लांब. शेफाली याच वळणावर थांबायची. तिचा हात ठेवून ठेवून कठड्याचा रंग तिथे उडाला होता आणि नवीन बायकोचा हात बरोबर त्या उडालेल्या रंगावर होता. “दम लागतो तुला?” त्याने विचारलं. ती दचकली नाही. “चाळिशी उलटलेल्या बाईला दोन पिशव्या घेऊन दम लागला नाही, तर डॉक्टरला दाखवावं,” ती म्हणाली आणि एक पिशवी त्याच्याकडे दिली. पिशवीत भोपळा होता. भोपळ्याला वजन असतं, एवढं साधं कारण होतं. वर पोचेपर्यंत त्याने ते कारण तीनदा मनात म्हटलं.

पण मग घर सुरू झालं. ती हात धुऊन आली आणि नळ घट्ट बंद करून वर दोन बोटांनी थोपटला. शेफाली थोपटायची. चहात साखरेआधी आलं, तेही किसून नव्हे, ठेचून, शेफालीचं. किल्ल्या तांदळाच्या डब्यावर. दोरीवरचे वाळलेले टॉवेल तिने खांद्यावर घेतले, पलंगावर बसली आणि एकेक टॉवेल तीन घड्यांचा करून ठेवू लागली, कडा आत, नक्षी वर. उत्तरेश्वर दारात उभा राहून त्या हातांकडे पाहत होता. बाहेर तळ्याच्या बाजूला कुठलातरी पक्षी एकच सूर लावून बसला होता. हात सुरुचीचे होते, मनगटावर आम्लाचा जुना डाग होता. घड्या तिच्या नव्हत्या. कुठून शिकली असेल ही, असा प्रश्न त्याला पडला. आणि लगेच उत्तरही आलं, ते जास्त वाईट होतं. त्यानेच शिकवल्या होत्या. पाच वर्षांत तो तिच्यावर कधी चिडला नव्हता, पहिलीचं नाव काढून तुलना तर कधीच केली नव्हती. याचा त्याला अभिमानही होता. तो फक्त म्हणायचा, आपल्याकडे टॉवेल तीन घड्यांचा असतो. आपल्याकडे आलं ठेचून घालतात. आपल्याकडे नळ असा बंद करतात. आपल्याकडे म्हणजे कोणाकडे? धाराशिवला त्याच्या आईकडे टॉवेल नव्हतेच, पंचे होते. त्या सवयी एकट्या शेफालीच्या होत्या, तिच्या दोन हातांपुरत्या. ती गेल्यावर त्याने त्यांचा नियम केला, सगळ्या जगाला लागू होणारा, आणि दुसरी बाई त्या नियमाखाली आणून उभी केली. यंत्राचं काय चुकलं होतं? दुपारी यंत्राने जे पाच सेकंदांत केलं होतं ते घरात पाच वर्षं चाललेलं होतं, आणि कुठेच लाल अक्षर उमटलं नव्हतं.

तो पलंगाच्या कडेवर बसला आणि तिला तिचा रक्तगट विचारला. तिने टॉवेल खाली ठेवला. “बी पॉझिटिव्ह,” ती म्हणाली. “का? रक्त हवंय?” त्याने ऑफिसच्या कामासाठी म्हटलं. जन्मतारीख विचारली, ती त्याला साधारण माहीत होती. साधारण म्हणजे हिवाळा. लहानपणचे आजार विचारले. गोवर. कुठली गोळी चालत नाही? सगळ्या चालतात. तो कागदावर लिहीत होता आणि ती त्याच्याकडे, नासलेलं दूध आधी नाकाला कळतं तशी, नाक किंचित वर करून बघत होती. “लग्नाच्या वेळी आईंनी पत्रिका मागितली होती,” ती म्हणाली, “रक्तगट कोणी विचारला नव्हता.” मग तिने पर्समधून एक पाकीट काढून त्याच्या कागदावर ठेवलं. इंदापूरच्या बाजूला डेअरीचं नवीन केंद्र निघत होतं. तिथली प्रयोगशाळा दोन वर्षं सांभाळायला तिला विचारलं होतं. खोली देणार होते. जायचं तर शुक्रवारी निघायचं, नाही तर गुरुवारपर्यंत नाही म्हणायचं. पत्र बारा दिवसांपूर्वीचं होतं. उत्तरेश्वरने ते दोनदा वाचलं, जणू त्यातून न लिहिलेलं काही निघेल. तो म्हणाला, तुला जायचंय का. तिने टॉवेलाची कड सरळ केली.

“मला जायचंय का ते मी ठरवीन. पण मी गेले तर इथून कोण गेलं असेल, ते मला कळत नाहीये,” ती म्हणाली. “तुम्हाला थांब म्हणायचं असेल तर म्हणा. फक्त मला म्हणा. तिला नको.”

यावर म्हणण्यासारखं एक वाक्य त्याला सुचलं होतं, पण ते आपल्याकडे या शब्दाने सुरू होत होतं.

बुधवारी सकाळी त्याने ऑफिसात सुरुचीच्या नावापुढे ओळी भरायला घेतल्या. जन्मतारीख भरली नाही, रक्तगटही मुद्दाम शेवटी ठेवला. त्या दोन ओळींनी काय होणार ते त्याला माहीत होतं. आधी बाकीचं भरलं. गोवर. मनगटावर भाजल्याचा व्रण. व्यवसाय, दूध तपासणी. एकेक ओळ भरून तो कळ दाबायचा आणि उजवीकडे शेफालीच्या यादीत तीच ओळ उमटायची. शेफालीला गोवर झाला. शेफालीच्या मनगटावर व्रण आला. अकरा वाजता शेफाली डेअरीत कामाला लागली. मेलेल्या बाईला एकेक गोष्ट मिळत होती, साडी आधी टाकाला लावावी तशी. सुरुचीला काही द्यायला जावं तर ते आधी तिकडे पोचत होतं. हे थांबवता आलं असतं. पण चाळिसाव्या ओळीपर्यंत त्याला एक गोडी लागली होती, जिचं नाव घ्यायला तो तयार नव्हता. शेफालीची यादी आठ वर्षांत पहिल्यांदाच वाढत होती. दवाखान्यांच्या फॉर्ममध्ये अंगावरच्या धातूंची माहिती असते, तिथे त्याने गंमत म्हणून गळ्यातल्या टाकाचं एक नातं मार्चमध्येच करून ठेवलं होतं, आणि सगळ्या जगासाठी नियम लिहिला होता: टाक ज्याच्या गळ्यात, ती दुसरेपणाची बायको. दुसरं कोण घालणार? त्याने सुरुचीच्या गळ्यात टाक घातला. कळ दाबली. शेफालीच्याही गळ्यात टाक आला, आणि यंत्राने समजून घेतलं की शेफाली ही दुसरेपणाची बायको आहे. स्वतःच्याच मरणाचा टाक गळ्यात घालून ती हिरव्या अक्षरांत उभी होती, आणि कोणतीही विसंगती नव्हती. दोन ठिपके, एक रेघ. तो उठून तोंड धुऊन आला. आरशात पाहिलं नाही.

गुरुवारी त्याने रक्तगट भरला. माणसाला रक्तगट एकच, हेही बंधन सगळ्या जगाचंच होतं, पण ते रक्तालाही मान्य होतं. पडदा लाल झाला. या सहा ओळी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत, यंत्र म्हणालं, यांतली एखादी काढा: माणसाला पत्नी एकच, उत्तरेश्वरची पत्नी शेफाली, उत्तरेश्वरची पत्नी सुरुची, माणसाला रक्तगट एकच, शेफाली ओ, सुरुची बी. काढायला सगळ्यात सोपी ओळ तिसरी होती. तो बाण तिच्यावर जाऊन थांबला, आणि माउसवर आपलाच हात आहे ना हे त्याने खाली बघून तपासलं. कोणी काही म्हणालं नसतं. नमुना होता. घरी ती पिशवी भरत असेल किंवा नसेल. संध्याकाळपर्यंत तिने डेअरीत काहीतरी कळवलेलं असेल. त्याने बाण पहिल्या ओळीवर नेला. पुसली. मग विवाह नावाची नवी वस्तू केली आणि बंधन तिच्यापुरतं लिहिलं: एका विवाहात एक पत्नी. पहिला विवाह, शेफाली. दुसरा विवाह, सुरुची. कळ दाबली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दोन याद्या दोन बाजूंना झाल्या. शेफालीच्या मनगटावरचा व्रण गेला, डेअरी गेली, टाक गेला, ती होती तिथे, आठ वर्षांपूर्वीच्या एकतीस ओळींवर जाऊन थांबली. ती दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी त्याने स्वतः कळ दाबली होती. त्याचे डोळे भरून आले. वैष्णवीने कानातली वायर काढली, पाहिलं, पुन्हा घालणार होती पण घातली नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून ती म्हणाली, “सर, हे टाकवालं पण ग्लोबल आहे. उद्या कुठल्या पुरुषाने घातला, तर तो पण सेकंड वाइफ होईल.” “कोण घालणार?” उत्तरेश्वर म्हणाला आणि यंत्र बंद केलं.

संध्याकाळी तो कात्रजला उतरला तेव्हा त्याच्याकडे वाक्य तयार होतं. बसमध्ये त्याने ते घासूनपुसून ठेवलं होतं. लिफ्ट चालू झाली होती. जयसिंगराव तिच्या दाराशी उभे राहून, ही मी चालू केली, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला बघण्यातून सांगत होते. वर सुरुची पलंगावर टॉवेल घेऊन बसली होती. शेजारी पिशवी होती, अर्धी भरलेली. त्याने उभ्यानेच सांगितलं. सोनाराचा साचा एकच होता ते सांगितलं. आपल्याकडे म्हणजे कोणाकडे होतं ते सांगितलं. तिने मधे एकदाही अडवलं नाही, प्रयोगशाळेत उकळी यायची वाट बघतात तशी बघत राहिली. शेवटी तो म्हणाला, “थांब. तुलाच म्हणतोय. आणि टॉवेल तुला हवा तसा दुमड.”

तिने हातातला टॉवेल उलगडला. मांडीवर पसरला. हात त्याच्यावर अधांतरी राहिले. मग डावी कड आत आली, उजवी कड आत आली, आणि ती थांबली, उलगडून पुन्हा पसरला. पुन्हा डावी कड आत. तिने हात मागे घेतले आणि काखेत धरले. “कसा हवा ते मला आठवत नाही,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, दुधात पाणी निघाल्यावर असायचा तसा. खोलीत पंखा फिरत होता. मग तिने मानेमागे हात नेऊन टाकाचा दोरा सोडला, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा तिची मान त्याला मोकळी दिसली. गळ्याच्या खोबणीत नखाएवढा फिकट डाग होता, बाईच्या आकाराचा. “दोन वर्षं नाही म्हणत. आठवेपर्यंत जाते,” ती म्हणाली. “थोरलीला मी नेणार नाही. आई म्हणतात गळ्याविना ठेवायचा नसतो. तर तुम्ही घाला. साचा कसाही असो, सवत माझी नव्हती.” तिने दोरा त्याच्या मानेमागे बांधला. गाठ बांधताना तिची बोटं थंड होती, आणि टाक गरम.

शुक्रवारी ती गेली. स्वारगेटपर्यंत तो पोचवायला गेला. तिने खिडकीतून, भोपळा संपवा, एवढं सांगितलं. शनिवारी त्याने घर आवरलं. नळ बंद केला आणि दोन बोटांनी थोपटला. किल्ल्या तांदळाच्या डब्यावर ठेवल्या. आलं किसणीवर घेतलं होतं, ते कधी ठेचलं कळलं नाही. रात्री जेवताना आधी एक घास बाजूला निघाला, कोणासाठी ते त्याने ठरवलेलं नव्हतं. शर्टाच्या आत टाक अंगाच्या उबेने इतका एकजीव झाला होता की अधूनमधून चाचपावा लागे. हे कुठे भरायचं असतं, तर कोणत्याही यंत्राने हरकत घेतली नसती. ते समजून गेलं असतं.

रविवारी सकाळी तो दूध आणायला खाली गेला होता. परत येऊन दार लावतो तोच फोन वाजला. सुरुचीचा आवाज मागच्या डब्यांच्या खणखणाटात मोठा आणि जरा गावठी वाटला, त्याला अनोळखी आणि फार आवडलेला. ती म्हणाली की टॉवेल आठवला. “घडीच नसते हो आमच्याकडे. दोरीवरून काढायचा, अंग पुसायचं, परत दोरीवर. चार भाऊ, एक दोरी. कपाटात टॉवेल ठेवतात हे मला तुमच्याकडे येऊन कळलं.” ती हसली. ते हसणं आपण कुठल्याच यादीत भरलं नव्हतं, हे त्याच्या मनात आलं, आणि पुढच्या महिन्यात मी येऊन जाईन, असं ती म्हणाली तेव्हा त्याला हो म्हणायचं होतं. पण हो निघण्याआधी श्वास हवा होता. त्याचा डावा हात भिंतीवर गेला होता, मान खाली आली होती. दोन लहान, एक लांब.

तिकडे खणखणाट थांबला. तिचं नाक वर झालं असणार, हे त्याला इथून दिसलं.

“अहो,” ती हळू आवाजात म्हणाली, “दम का लागलाय? लिफ्ट परत बंद पडली का?”

उत्तरेश्वरने बंद दाराकडे पाहिलं. दारापलीकडे लिफ्ट, त्याला वर सोडून, गुणगुणत खाली चालली होती.

“हो,” तो म्हणाला. “मी तीन मजले चढून आले.”